जोत्यावरच्या वेली

मोहम्मदला तोंडावर मी ‘तुम्ही’ म्हणते. मनात मात्र ‘तू’, आणि भांडण असलं तर त्याहूनही खाली उतरते. इथे मनातलंच लिहायला बसले आहे, तेव्हा त्याला अरेतुरे होणारच. कधी वाचलं त्याने तर वाचू दे. वीस वर्षं ताइफला राहून मराठी वाचायचं विसरला नसेल, तर कळेल त्याला.

आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. लग्नानंतर अकरा महिने तो घरी होता, मग सौदीला गेला. त्यानंतर दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. एकदा दुपारी नुसती बसले होते तेव्हा मी बोटांवर मोजलं, तर सगळे महिने मिळून आम्ही एकत्र राहिलो ते सव्वादोन वर्षं. आमची मुलगी मिस्बाह आता तळा गावच्या कॉलेजात शिकते. तिचा बाप तिने पाहिला तो जास्त करून मोबाइलच्या काचेतच. आमच्या गावात याचं कोणाला नवल नाही. निम्म्या घरांतले पुरुष आखातात आहेत आणि उरलेल्या निम्म्यांतले जाऊन आलेले. दुसऱ्यांच्या बायका कशा राहतात ते मला ठाऊक नाही. मला तो रोज हवा होता. सकाळच्या चहाला, गॅस संपला की सिलिंडर उचलायला, काही कारण नसताना चिडायला समोर हवा होता.

ताइफच्या डोंगरात एका बागेवर तो मुकादम आहे. तिथे द्राक्षं होतात. गेला तेव्हा पाणी सोडणारा मजूर होता, आता चार हजार वेली त्याच्या हाताखाली आहेत. शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की फोन यायचा. पाच मिनिटं माझी चौकशी आणि वीस मिनिटं वेलींची. कुठल्या ओळीला फुटवा आला, कुठे कीड पडली, कुठल्या वेलीने यंदा दगा दिला. ऐकताना अंगाचा तिळपापड व्हायचा. सवत करून ठेवलीत तुम्ही, असं एकदा बोलून दाखवलं, तर हसला. म्हणाला, सवत असती तर एक असती, या चार हजार आहेत.

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तो सुट्टीवर आला तो हेच खूळ डोक्यात घेऊन. नाशकाकडच्या रोपवाटिकेतून छत्तीस कलमं मागवली. टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा शेजारचे भाऊ कुंपणाशी आले. भाऊ कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, सुपारीचं आगर राखून आहेत आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत तयार असतं. त्यांनी मोहम्मदला विचारलं, इथे चार महिने पाऊस पडतो हे त्या द्राक्षांना सांगितलंय का. मोहम्मद म्हणाला, सांगितलंय. आणि कुदळ घेऊन कामाला लागला.

आमची जमीन म्हणजे एक लांबट पट्टी. वरचं टोक हरिहरेश्वरच्या रस्त्याला, खालचं टोक खाडीला. रस्त्याकडे आमचं स्लॅबचं घर. त्याच्या मागे जुन्या घराचं जोतं आहे. घर पाडलं नऊ वर्षांपूर्वी, पण जोतं उकरायचा कंटाळा केला, त्यामुळे जांभ्या दगडाचे चिरे, चुना, फुटकी कौलं, सगळं तिथेच पसरून त्यावर गवत उगवलं होतं. त्याच्या खाली विहीर आणि विहिरीभोवती जुनं सुपारीचं आगर, मऊ काळी माती, पाय टाकला तर घोट्यापर्यंत जाणारी. आणि अगदी खाली खारवट तुकडा. मोठ्या उधाणाला तिथे खाडीचं पाणी चढतं आणि उन्हाळ्यात मातीवर पांढरी पुटं दिसतात.

मोहम्मदने तिन्ही जागी बारा-बारा वेली लावल्या. अंतर तेच, ठिबकच्या नळीला भोकं तीच, शेणखताच्या पाट्या तितक्याच. मी म्हटलं, खालची जागा खारट आहे. तर म्हणाला, सातबारावर नंबर एक आहे ना, मग माती दोन कशी असेल. सोळा वर्षं बागेत काढलेला माणूस हे बोलला. आपल्या घरच्या जमिनीपुढे माणसाची अक्कल कशी गहाण पडते ते मी तेव्हा पाहिलं. पण मीसुद्धा गप्प बसले, कारण त्या दीड महिन्यात तो रोज संध्याकाळी मातीने भरलेले हात घेऊन मागच्या दाराशी यायचा, आणि मला ते इतकं आवडत होतं की मातीवरून वाद घालायची इच्छाच होईना.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. मी पदराआड डोळे पुसत होते, ते त्याने पाहिलं. ओसरीवर आंब्याची रिकामी करंडी पडली होती. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “ही करंडी भरून द्राक्षं ज्या साली उतरतील ना, त्या साली मी कायमचा येतो. मग परत जायाचं न्हाय.”

मी करंडी उचलून आत नेली आणि फडताळावर ठेवली. त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याचं घरी येणं त्या करंडीत अडकून बसलं.

मग मी त्या छत्तीस वेलींना जीव लावला. पाणी, खत, बांबूचा मांडव, तारा, सगळं केलं. आणि दर वर्षी पाऊस लागायच्या तोंडावर प्रत्येक वेलीच्या मुळाशी मूठभर जाडं मीठ घातलं. आमच्याकडे नारळाला मीठ घालतात. माझी सासू, आम्ही सगळे तिला अम्मा म्हणायचो, ती जाईपर्यंत दर मृगाला पदरात मीठ बांधून माडांमधून फिरायची. मीठ घातलं की माड हसतो, असं म्हणायची. माड हसतो तर वेल का नाही हसणार, असा माझा हिशेब. मोहम्मदला मी हे सांगितलं नाही. घरातली गोष्ट ती काय फोनवर सांगायची.

दुसऱ्या वर्षी तिन्ही जागच्या वेली अशा वेगळ्या दिसायला लागल्या की तीन आयांची पोरं वाटावीत. खाडीकडच्या वेलींची पानं कडेने करपली, तपकिरी कागदासारखी झाली, आणि बारांतल्या पाच वाळून गेल्या. आगरातल्या वेली मात्र अशा माजल्या की मांडव दिसेना. खोड मनगटाएवढं, पानं ताटाएवढी, तणावे भाऊंच्या सुपाऱ्यांवर चढले. भाऊंनी येऊन सांगितलं की भाभी, तुमची द्राक्षं माझ्याकडे राहायला आलीत. आणि जोत्यावरच्या बाराजणी किडकिडीत, कांडी आखूड, पानं लहान आणि फिकी. मला त्यांची लाज वाटायची. पाहुणे आले की मी त्यांना आगरात न्यायचे, जोत्याच्या बाजूने नेतच नसे.

फोटोही मी आगरातल्या वेलींचेच पाठवायचे. हिरवागार मांडव आणि खाली मी उभी. मोहम्मद तो फोटो तिकडच्या सगळ्यांना दाखवायचा, माझी बाग म्हणून. घड कुठे आहेत, असं विचारायचा. मी म्हणायचे, येतील. पण एवढ्या पानांत घड येईना. तिसऱ्या वर्षी दोन-चार आले ते करवंदाएवढ्या मण्यांचे, आंबट ढाण, आणि तेही कुजले. त्या वर्षी त्याची सुट्टी होती. तिकडे नवी लावणी निघाली म्हणून त्याने सुट्टी सोडली. फोनवर म्हणाला, इथे माझ्यावाचून खोळंबा होईल. इथे काय होत होतं ते त्याने विचारलं नाही, आणि मी रागाने चार शुक्रवार फोन उचलला नाही. पाचव्या शुक्रवारी नमाज सुटायच्या आधीपासून फोन हातात धरून बसले होते.

आश्लेषा आली ती त्यानंतरच्या जूनमध्ये. कृषी खात्याची सहायक, सव्वीस-सत्तावीसची मुलगी, निफाडकडची. आली होती माड मोजायला. मागे वळली, मांडव पाहिला आणि वहीच मिटली. तिच्या वडिलांची द्राक्षबाग. नोकरीसाठी इथे आल्यापासून दीड वर्षात तिने द्राक्षाचं पान पाहिलं नव्हतं. ते पान तिने दोन बोटांत धरलं तेव्हा तिचा चेहरा मला चांगलाच ओळखीचा वाटला. आरशात बघते ना मी रोज. तिला चहा दिला, मग घावनं केली, आणि करंडीची सगळी गोष्ट सांगून टाकली. ती म्हणाली, रविवारी येते.

रविवारी पहार आणि कुदळ घेऊन आली आणि तिन्ही जागी हातभर खोल खड्डे काढले. प्रत्येकात एकेक बादली पाणी ओतायला सांगितलं. जोत्यावरच्या खड्ड्यात ओतलं, दुसरी बादली आणेपर्यंत पाणी गायब. आगरातलं पाणी आमचा चहा पिऊन होईपर्यंत राहिलं. खाडीकडचं दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तेव्हाही तसंच होतं आणि त्यात बेडूक बसला होता.

पण त्याआधी, खाडीकडच्या खड्ड्यातली माती तिने नखाएवढी जिभेला लावली. मग आगरातली लावली. मग जोत्यावरची. माझ्याकडे बघून म्हणाली, “काकू, वेलींना मीठ कोणी घातलं?”

मी म्हटलं, मीच. अम्माची पद्धत सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं, पण ती डोक्याला हात लावून जोत्यावर बसली. माडाला मीठ चालतं, द्राक्षाला ते विष. जोत्यावर घातलेलं पहिल्या पावसात चिऱ्यांमधून वाहून गेलं. आगरात थोडं मुरलं, थोडं राहिलं. आणि खाली आधीच खारट असलेल्या मातीत, जिथून पाणी हलतच नाही, तिथे मी तीन वर्षं मीठ साठवत होते. पाच वेली मी माझ्या हाताने मारल्या होत्या, नवऱ्याला घरी आणण्यासाठी.

मग तिने मला एकेक सांगितलं. एकाच वावरात दहा पावलांवर माती बदलते. तिच्या वडिलांच्या बागेतही तसंच आहे, म्हणून ते प्रत्येक तुकड्याला वेगळं पाणी देतात. आगरातल्या वेलींना खायला-प्यायला इतकं आहे की त्या नुसत्या वाढत सुटल्या. पानांची इतकी दाटी झाली की काडीवरच्या डोळ्यांवर, म्हणजे कोंबांवर, ऊनच पडत नाही, आणि ऊन न लागलेल्या डोळ्यातून घड निघत नाही. जोत्यावर माती थोडी, पाणी थांबत नाही, म्हणून त्या बेताने वाढल्या आणि मुळं मात्र चिऱ्यांच्या फटींतून खोल गेली. आमच्या पावसात तगायचं तर पायाखाली पाणी साचता कामा नये. घड येतील तर इथे येतील, असं म्हणून तिने माझ्या त्या किडकिडीत वेलींकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, “ह्या? ह्या तर उपाशी दिसतात.”

“उपाशी नाहीत, काकू. बेताचं खातात.”

त्या संध्याकाळी ती गेल्यावर मी जोत्यावर एकटीच बसले. मी ज्या घरात नवरी म्हणून आले ते हेच घर. पहिली वेल आहे तिथे ओटी होती. सातवी वेल अम्माच्या चुलीच्या जागी आहे, तिथली माती अजून राखेने करडी आहे. अकराव्या आणि बाराव्या वेलीच्या मधे आमची खोली, तेवढे अकरा महिने. मला इतकी वर्षं या वेलींची लाज वाटत होती. मी रडले. बऱ्याच दिवसांचं साठलं होतं, ते चिऱ्यांवर सांडलं.

मीठ बंद झालं. आगरातलं पाणी तोडलं. ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, आश्लेषाने कात्री माझ्या हातात दिली आणि घडांसाठीची छाटणी शिकवली. एप्रिलमध्ये कापायचं ते घड धरणारी काडी तयार व्हायला आणि ऑक्टोबरात कापायचं ते घड यायला, एवढं मी पाठ केलं. जोत्यावर डोळे फुटले आणि पानाच्या आड मोहरीएवढ्या कळ्यांचे झुबके दिसले. मी मोजले, बेचाळीस. त्या शुक्रवारी मोहम्मदला पहिल्यांदा जोत्यावरच्या वेलींचा फोटो पाठवला. तो म्हणाला, ह्या कुठल्या. त्याला त्याचं जोतं ओळखता आलं नाही.

नोव्हेंबरात अवेळी पाऊस आला, दोन दिवस. आगरातले दहा-बारा घड होते ते बुरशीने गेले. जोत्यावरचा फुलोराही झडला, तरी निम्मा टिकला. मग बुलबुल आले, खारी आल्या, एक माकड आलं. मी घडांना वर्तमानपत्राच्या पिशव्या बांधल्या, दिवसभर काठी घेऊन बसले. भाऊसुद्धा त्यांच्या बाजूने पत्र्याचा डबा वाजवायचे. रमजान लागला तेव्हा अकरा घड उरले होते.

रोजा होता त्या सकाळी मी ते उतरवले. फडताळावरची करंडी काढली, पुसली, आणि अकरा घड तिच्यात ठेवले. करंडीचा तळसुद्धा नीट झाकला नाही.

तेव्हा माझ्या मनात पाप आलं, ते लिहिते. मी गोठ्यातून पेंढा आणला, करंडी पेंढ्याने काठोकाठ भरली आणि घड वर पसरले. फोटो काढला. करंडी अशी गच्च दिसत होती की मलाच खरं वाटायला लागलं. बोट पाठवायच्या खुणेवर ठेवलं आणि थांबले. रोजा होता म्हणून थांबले असं म्हणायला बरं, पण खरं कारण वेगळं. पेंढ्यावर बोलावलेला नवरा पहिल्याच दिवशी करंडी उचलून बघणार. तो तसाच आहे. आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने बघेल ती मला सोसायची नव्हती. फोटो पुसून टाकला. संध्याकाळी अजान झाल्यावर खजुराऐवजी एक द्राक्ष तोंडात टाकून रोजा सोडला. इतकं गोड होतं. तिसऱ्या वर्षीच्या करवंदांशी त्याचं काही नातं नव्हतं. इतकं गोड द्राक्ष मी एकटीने खाल्लं याचाच मला राग आला.

शुक्रवारी त्याला खरं सांगितलं. करंडी भरली नाही, अकराच घड झाले. तो म्हणाला, “बघू पुढच्या साली.”

हा ‘बघू’ मी वीस वर्षं ऐकत आले आहे. फोन ठेवला आणि घड घेऊन गच्चीवर गेले. ताजी द्राक्षं ताइफला पोचणार नव्हती, पण मनुका पोचल्या असत्या. जुनी धुवट चादर पसरली, एकेक मणी वेगळा करून मांडला, वर जाळी टाकली. शेजारच्या चादरीवर माझे सोडे वाळत होते, सोललेली कोळंबी. गच्ची एकच, ऊन एकच. संध्याकाळी दव पडायच्या आत दोन्ही चादरी गोळा करून जिन्याखालच्या खोलीत ठेवायच्या, सकाळी पुन्हा पसरायच्या. असे चोवीस दिवस. रमजानभर दिवसा मी मणी चाखला नाही आणि नंतर कमी होतील म्हणून चाखला नाही.

ईद झाली. माझा चुलतदीर मुसअब, चाळिशी उलटलेला, ताइफलाच ट्रेलर चालवतो, तो ईदेला घरी आला होता. परत निघायच्या आदल्या दिवशी विचारायला आला. आमच्यात कोणी तिकडे निघालं की चार घरं फिरून विचारतंच, काय पाठवायचंय. मी मसाल्याची बरणी दिली, सोड्यांचा डबा दिला, आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेली मनुकांची पुरचुंडी. मुसअबने पुरचुंडी हातावर तोलली आणि म्हणाला, भाभी, तिकडे मनुका ढिगाने मिळतात. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, तू घेऊन जा.

त्यानंतरचा शुक्रवार. नमाज सुटायच्या वेळेला फोन आला नाही. तासाभराने आला. समोर मोहम्मदचा उतरलेला चेहरा होता. मला वाटलं कोणी गेलं की काय. मग त्याने विचारलं, “अमिरा, मनुका वाळवल्या कुठं?”

“गच्चीत.”

“बाजूला काय होतं?”

मला कळेना. मग कळलं, आणि मान खाली गेली. आमच्या वाडीत सोडे वाळत असले की बाहेरून आलेली माणसं नाक दाबतात. आम्हाला वासच येत नाही, आम्ही त्यातच जन्मलो. त्या फडक्याला आणि त्या मनुकांना कसला वास लागलाय ते मला मेलं कसं कळणार. तीन वर्षं मीठ घातलं ते एक, आणि आता हे. घरच्या सवयीने मी दुसऱ्यांदा घात केला होता.

तो सांगू लागला. बागेतल्या माणसांसाठी त्याने मनुका ताटलीत ठेवल्या होत्या. बायकोने पाठवल्या, आमच्या घरच्या वेलींच्या, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, माणसाने एक तोंडात टाकली आणि बाहेर जाऊन थुंकून आला. मोहम्मदने मग स्वतः एक खाल्ली. ताटली उचलली, खोलीत गेला, दार लावलं आणि सगळ्या मनुका एकट्याने संपवल्या. हे सांगताना त्याचा आवाज फाटला. वीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, अम्मा गेली तेव्हाही तो तिकडेच होता.

“चार हजार वेली हायत हिकडं,” तो म्हणाला. “एकीला पण आपल्या घरचा वास न्हाय.”

त्याने विचारलं, जोत्यावरच्याच ना या, अम्माच्या चुलीकडच्या. मी मान हलवली. करंडीचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. तो एवढंच म्हणाला, “एप्रिलची छाटणी आलीय ना? कात्री लावू नको. मी येऊन करतो.”

एक्झिटचा कागद, म्हणजे कायमचं निघायची परवानगी, त्याला मंगळवारी मिळाला. त्याचा फोटो पाठवला. अरबीच आहे, मी कुराण वाचते ती अक्षरं, त्यामुळे वाचता आलं आणि अर्थ मात्र लागला नाही. तारीख तेवढी समजली. पण कफील, म्हणजे त्याचा तिथला मालक, म्हणतो, नवा मुकादम मिळेपर्यंत दोन-चार दिवस थांब. दोन-चार दिवस म्हणजे किती ते मला चांगलं माहीत आहे.

आश्लेषा रविवारी येऊन गेली. एप्रिलची छाटणी फार तर पंधरा दिवस लांबवता येते, त्यापुढे गेलं तर पावसाच्या आत काडी पक्की होत नाही आणि पुढच्या फेब्रुवारीत घड विसरायचे, असं तिने बजावलं. छाटणीची वेळ होऊन आज बारावा दिवस. कात्रीला तेल लावून ठेवलं आहे. भाऊ म्हणतात, भाभी, आता तरी सोडे दुसरीकडे वाळवा. मी हलवले नाहीत.

मोहम्मदला मी स्पष्ट सांगितलं आहे की सोळाव्या सकाळी मी कात्री लावणार. तुमच्यासाठी बाग घालवणार नाही. तो म्हणाला, लाव. त्याला वाटतं मी लावणार नाही, पण मी लावणार. पहिल्या वेलीपासून सुरू करणार, दुसरी, तिसरी, सहावीपर्यंत. मग आठवीपासून बारावीपर्यंत. चुलीजागची सातवी वेल मी कापणार नाही. ती त्याच्यासाठी तशीच ठेवीन, मृग लागला तरी.